उठवायचं गाणं

तिसरा धक्का, पाश्कोचं जाळीघर,
उपासाच्या चाळीस दिवसांतला तिसरा शुक्रवार, १९९३

वित्से, माझ्या धाकट्या आणि शिकलेल्या बहिणी,

देवाची आणि त्याच्या आईची स्तुती असो. आधी त्यांची चौकशी, मग तुझी. तुझा गुडघा कसा आहे? सॅन पेद्रोच्या उन्हात तो बराच असणार, न बरं व्हायला त्याला कारण काय? इथे ऑक्टोबरपासून पाऊस लागलाय, तो आता घरातल्यासारखा वागतो. तुझ्या जावयाला नमस्कार सांग. त्याने दात बसवले असं कळलं. आता तरी हसताना तोंडावर हात धरू नको म्हणावं, पैसे दातांचे दिलेत, हाताचे नाही.

हे अक्षर गार्थचं आहे. गार्थ म्हणजे आमच्या डिंकोच्या बँडमधला ड्रमवाला, सव्वासहा फूट उंच, दाढीत कालची भाकरी. मी बोलते, तो लिहितो. घरात शाळेत जायची पाळी तुझी आली आणि शेळ्यांमागे जायची माझी, तेव्हापासून माझी पत्रं अशी दुसऱ्याच्या हाताने चालतात. (गार्थ विचारतोय, शेळ्यांचं खरंच लिहू का? लिही म्हटलं. त्यातल्या एकीचं नाव वित्साच होतं, आणि ती हिच्यापेक्षा ऐकायची.) फोन का केला नाही, असं म्हणशील. फोनवर तू बोलतेस.

बातमी अशी, की माझा नातू गायचा थांबला. त्यांच्या बँडमधल्या लेलंडला पुरून आज सात आठवडे झाले. तेव्हापासून डिंको जाळीघरात उलट्या टोपलीवर बसून असतो. गिटार जुन्या जाळ्याखाली ढकललंय, मेलेल्या कुत्र्यावर पोतं घालावं तसं. आणि आता म्हणतो, पुढच्या महिन्याच्या वीस तारखेला अलास्काच्या बोटीवर कामाला जातो. अगं, ज्याला व्हॅशनच्या फेरीबोटीत ओकाऱ्या होतात! त्याच्या आज्याला, माझ्या पाश्कोला, पाणी चाळीस वर्षं ओळखत होतं, तरी ठेवून घेतलंच. हा जायला नको, एवढंच माझं म्हणणं. पण सगळं पहिल्यापासून सांगते, कारण तू अर्धं ऐकतेस आणि सबंधाला उत्तर देतेस.

तीन पोरं होती. डिंको गिटार वाजवून गायचा, लेलंड बेस वाजवायचा (चार जाड तारांचं गिटार, त्यातून सूर कमी निघतो आणि पोटात ढवळतं जास्त), आणि हा गार्थ. पाश्को गेल्यावर रिकामं पडलेलं जाळीघर मी त्यांना दिलं, म्हटलं निदान उंदीर पळतील. उंदीर राहिले, शेजारी गेले. बँडचं नाव ठेवलं ‘बिल्ज’. बोटीच्या पोटात तळाला साचतं ना, तेलकट, कुजकं पाणी, तेच. मी म्हटलं, अरे देवाने एवढे संत केलेत, त्यांतल्या एखाद्याचं ठेवा. तर डिंको म्हणतो, ‘नोना, संतांची नावं सगळी हॉस्पिटलांनी घेतलीत.’ पहिला कार्यक्रम आपल्या मच्छीमार मंडळाच्या हॉलमध्ये झाला, संत निकोलसच्या सणाच्या जेवणानंतर. दुसऱ्या गाण्याला निम्मी माणसं कोट शोधत होती. तिसऱ्याला बार्बा श्पिरो, जो लढाईपासून ठार बहिरा आहे, तो उठून म्हणाला, ‘पोरं गुणी आहेत, शब्द न् शब्द कळतो.’ हॉलमध्ये तो एकटाच उरला होता.

त्यांचं वाजवणं तुला कसं सांगू? गिटारच्या तारा देवाने ताणायला दिल्या, हे त्या ढिल्या करतात, ओली दोरी लोंबावी इतक्या. मग सूर तळाला जाऊन बसतो आणि तिथून हलायला नको म्हणतो. पायाशी एक डबी असते, ती दाबली की आवाज फाटतो, इंजिनात वाळू गेल्यासारखा. चाल अशी संथ, की मढ्याच्या गाडीच्या घोड्यानेसुद्धा मागे वळून बघावं. आधी डिंको पुटपुटतो, शेजारचं मूल झोपल्यासारखा. मग डबीवर पाय पडतो आणि तिघं मिळून ते मूल, त्याचा पाळणा आणि घर सगळं पाडतात. मग परत पुटपुट. मी एकदा विचारलं, मध्येच गप्प का होता रे? म्हणाला, ‘नोना, तू नोनोशी भांडायचीस त्याची चाल आहे ही.’ (पाश्को असता तर त्याने उभं राहून टाळ्या वाजवल्या असत्या.)

मग सिॲटलमधले अंधारे दारूचे अड्डे झाले, मग एका लहान कंपनीने रेकॉर्ड काढायचं ठरवलं, आणि स्टुडिओत हा आवाज येईचना! पत्र्यासारखा चकचकीत यायचा. तिथे लेलंडचं डोकं चाललं. जाळीघरात आढ्यापासून जमिनीपर्यंत पाश्कोची जाळी लोंबतात, मिठाने आणि खवल्यांनी जड झालेली. वरचे किनरे सूर ती गिळतात आणि जड तेवढं परत देतात. पोरांनी ती जाळी ट्रकमध्ये घालून नेली आणि स्टुडिओच्या भिंतींना टांगली. स्टुडिओवाल्याने नाकाला रुमाल बांधून काम केलं. पुढे एका शहाण्याने पेपरात लिहिलं, की या संगीताला खोल समुद्राच्या दुःखाचा वास आहे. दुःख कसलं, चौऱ्याहत्तर सालची हेरिंग होती ती. आणि पाश्कोचे चौकड्यांचे लोकरी शर्ट, मी मासे पुसायला ठेवलेले, ते घालून हे टीव्हीवर गेले, तर आता तसलेच शर्ट शहरातल्या काचेच्या दुकानांत टांगलेत, कोपरावर भोक आयतं पाडून. माझ्या आयुष्यात मी पहिल्यांदाच काळाच्या पुढे होते आणि मला कोणी सांगितलं नाही.

आता त्या गाण्याबद्दल. ‘उस्तानी’ तू ऐकलंसच, तुझ्या नातवंडांच्या खोलीच्या दारातून का होईना. त्या एका गाण्यावर हे जर्मनीपर्यंत जाऊन आले. उस्तानी म्हणजे काय यावर पेपरवाल्यांनी डोकी फोडली. एकाने लिहिलं, ती पावसाची देवी. दुसऱ्याने लिहिलं, तुर्कस्तानातलं गाव. आपल्या बोलीत ‘ऊठ’ एवढाच अर्थ आहे, हे तुला आणि मला माहीत. आणि हे गाणं कुठून आलं तेही. पाश्को बुडाला तेव्हा डिंको दहा वर्षांचा होता, आई त्याची स्पोकेनला दुसरा संसार मांडून बसलेली, तो माझ्याकडेच होता. पाश्को सापडला नाही, म्हणून मी त्याचा रविवारचा कोट टेबलावर पसरला आणि तिकडे आपल्या बेटावर बायका मेलेल्यावर रडतात तशी गाऊन रडले. ऊठ पाश्को, पाहुणे आलेत, त्यांना खुर्ची दे. ऊठ, बोटीला डांबर कोण लावणार? ऊठ रे गाढवा, मला न विचारता कधी दाराबाहेर गेला होतास का? (पलीकडच्या पाद्रीणबाईंनी ॲम्ब्युलन्स बोलावली. ॲम्ब्युलन्सवाले दोघं आत आले, कोटाकडे बघितलं, टोप्या काढून उभे राहिले.) पोराला मी जाळीघरात पाठवलं होतं. त्याने भिंतीपलीकडून ऐकलं. नोनो बुडाल्याचं त्याला अजून कोणी सांगितलं नव्हतं, त्याला वाटलं, नोना नोनोला झोपेतून उठवते आहे.

बरोबर आहे, शब्द तेच आहेत. त्यांचं त्याने पंधरा वर्षांनी गाणं करून ठेवलं. स्टेजवर त्याची गंमत करायचे. गाणं सुरू झालं की लेलंड बेस छातीवर घेऊन आडवा पडायचा, मेल्यासारखा. डिंको त्याच्यावर वाकून पुटपुटायचा, ऊठ, पाहुणे आलेत. तिसऱ्यांदा डबीवर पाय पडला की लेलंड ताडकन उठायचा आणि हजार पोरं ओरडायची, ‘उस्तानी!’ ओहायोतल्या कार्यक्रमाची कॅसेट मी पहिल्यांदा ऐकली तेव्हा इथे बसून हसले, वित्से. ओहायोची पोरं माझ्या नवऱ्याला गाढव म्हणतायत, याचं हसू यायचं नाही तर काय? डिंकोला सांगायला हवं होतं, बाबा, हे मर्तिकाचं आहे, जिवंत माणसावर गाऊ नये. चार वर्षं उद्या सांगू म्हणत राहिले.

जानेवारीत नेब्रास्कातल्या एका मोटेलात लेलंड उठला नाही. नशेची सुई होती. तिच्याबद्दल सगळ्यांना माहीत होतं आणि कोणी बोलत नव्हतं, आमच्यात नवऱ्याच्या मारण्याबद्दल बोलत नसत तसं. (गार्थचा हात थांबलाय. लिही बाबा, पुढे चल.)

त्याला त्याच्या गावी पुरलं, वर लाकूडतोड्यांच्या मुलखात. चांगली माणसं, पण कोरडी. आई हातात पर्स घट्ट धरून बसलेली, बाप छताकडे बघतोय, पाद्री घड्याळाकडे, आणि मागच्या खोलीत बटाट्याच्या सॅलडवरचं झाकण कोणीतरी काढतंय त्याचा आवाज. चोवीस वर्षांचं पोर, माझ्या हातची सार्डिन काट्यासकट खाणारं, ते पेटीत, आणि एक बाई तोंड उघडत नाही! त्याला वाटेल ना, की आपण गेल्याचं कोणाला कळलंच नाही. मला राहवलं नाही. पुढे गेले, पेटीवर हात ठेवला आणि धरला सूर. ऊठ लेलंड, पाहुणे आलेत. त्याची आई त्यावर रडली एकदाची, पर्स खाली पडली. मला बरं वाटलं. मग मी मान वर केली आणि समोर डिंकोचा चेहरा.

गाडीत त्याने विचारलं, ‘नोना, ते तू काय गायलीस?’

‘तुझंच गाणं, दुसरं मला काय येतंय?’

‘नाही. नोनोच्या वेळी तू पाश्को म्हणत होतीस तिथे आज लेलंड म्हणालीस.’ टकोमा आलं तेव्हा म्हणाला, ‘म्हणजे तेव्हा नोनो झोपला नव्हता.’

मी खिडकीची काच पुसायला लागले, त्यावरूनच त्याला कळलं. लहानपणी खेळात कोणी मेल्याचं सोंग केलं आणि हा त्यावर रडगाणं गायला, तर मीच त्याला चापट मारून सांगायचे, जिवंतावर गायलं की मरण पत्ता विचारत येतं. ते त्याने नीट लक्षात ठेवलंय. पाढे नाही ठेवले. तेव्हापासून तो उलट्या टोपलीवर. जेवायला हाक मारली की येतो, ताट धुऊन ठेवतो, आणि मला जास्तच चांगलं वागवतो. त्याचीच मला भीती वाटते.

बाकी इकडे ठीक. मला काही नको. अंजीर वाळवले असशील तर पाठव, दातांत अडकणारे नकोत. रेकॉर्ड कंपनीचा माणूस दर मंगळवारी फोन करतो, मी त्याला माझ्या पाठीचं सांगते, तो ठेवून देतो. सगळ्यांना आशीर्वाद.

तुझी थोरली,
येर्का
(गार्थ म्हणतो सही कर. तेव्हा हा खाली मासा काढलाय. शेपूट डावीकडे आहे.)

ता. क. एक राहिलंच. गेल्या रविवारी जेवताना मी डिंकोला म्हटलं, अरे, मी शहात्तर वर्षांची, माझं डोकं ठिकाणावर आहे का? ते रडगाणं नाहीच मुळी, आमची आई आमच्या आळशी भावाला उठवायला म्हणायची ते गाणं आहे. नोनोच्या वेळी मला दुसरं काही सुचेना म्हणून तेच गायले. खोटं वाटत असेल तर तुझ्या तेता वित्साला, माझ्या बहिणीला विचार, ती शिकलेली आहे. त्याने माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, येत्या रविवारी फोन करून विचारतो. तर वित्से, पत्र याच्यासाठी. फोन आला की सांग, हो, उठवायचंच गाणं. भाऊ नव्हता आपल्याला, तो एक करून घे. नाव काहीही ठेव, पण मला कळव. आणि माझं डोकं गेलंय असं सांग. ते तू साठ वर्षं सगळ्यांना सांगतेस, आता उपयोगाच्या वेळी लाजू नको.

ता. क. २. उपासाच्या दिवसांत खोटं बोलायला लावते म्हणून कुरकुरू नको. पापक्षालनाच्या निम्म्या प्रार्थना मी म्हणेन. परवा भाजी ढवळताना माझ्या तोंडात ते गाणं आपोआप आलं, आणि पाश्को, लेलंड यांच्या जागी मी तिसरंच नाव घ्यायला निघाले होते. तापलेला डाव जिभेवर चटका बसेल असा तोंडाला लावला. त्या पोराला बोटीवर जाऊ द्यायचं नाही. बोल खोटं.

आदरणीय तेता वित्सा, मी गार्थ. नोना आत बटाटे बघायला गेल्या आहेत. त्यांना वाचता येत नाही याचा असा फायदा घेऊ नये, पण घेतोय. डिंकोने तुमच्या आळशी भावावर एक क्षणही विश्वास ठेवलेला नाही. आणि गाण्याने लेलंड मेला असंही तो मानत नाही. लेलंडच्या खिशात काय असायचं ते आम्हा दोघांना माहीत होतं आणि आम्ही व्हॅन पुढच्या गावाला हाकत राहिलो. ते नोनांना कसं सांगावं हे आम्हाला कळत नाही. पण नोना शेगडीपाशी एकट्याच म्हणत असतात, ‘मी हसत बसले, मी चार वर्षं हसत बसले.’ ते त्याने ऐकलंय. म्हणून रविवारी तो फोन मुद्दाम स्वयंपाकघरातूनच करणार आहे, नोना शेजारी उभ्या असतील तेव्हा. त्यांना वाटलं पाहिजे की त्याला पटलं. बोटीवर तो जाणारच आहे, म्हणून मी माझंही नाव घातलंय. त्याला एकट्याला जाऊ देत नाही. हे मात्र कृपा करून त्यांना सांगू नका.

तुमचं सांगून झालं की डिंको हसणार आहे. तीन दिवस जाळीघरात त्याची तालीम चालू आहे. अजून जमत नाही. तेव्हा भावाबद्दल जरा लांबवून सांगा.