अश्वीची आठवड्याची गोळी

प्रिय अक्का,

काल अश्वीला घेऊन कोल्हापूरला जाऊन आले. डॉक्टरांनी तिचं गुडघं दाबून बघितलं, मनगटं फिरवली, रक्ताचा कागद वाचला आन् म्हणाले, "चांगली हाय पोरगी. आता गोळी बंद करून बघूया." दुसरी कोण असती तर तिनं पेढं वाटलं असतं. मी मात्र भ्याले. एस्टीत सारखं डोक्यात, घरात शिरायच्या आधी अक्काला सांगायचं. शेजारी तुझ्या दारात येऊन उभी पण राहिले. कुलूप बघितलं तवा ध्यानात आलं, तुला जाऊन सात महिनं झालं. आता कुणाला विचारू? म्हणून लिहायला बसले. पाचवी शिकलेली बाई मी, चुकलं तर हसू नको.

पयल्यांदा तूच वळखलंस, आठवतंय? अश्वी चार वर्सांची हुती. सकाळी उठली की पाय ताठ करून बसायची, "आई, उचल" म्हणायची. दुपारी बघावं तर अंगणात खेळत असायची. मला वाटलं, बालवाडी चुकवायला नाटकं करती. एक दिवस पाठीत धपाटा घातला तिच्या. तू मागच्या भिंतीवरनं वरडलीस, "सुमन, मारतीस कशाला गं लेकराला? थांब, आलेच."

आलीस आन् तिच्या गुडघ्याला गाल लावलास. संधिवातानं तुझी बोटं वाकडी झालती, त्यास्नी गार-गरम कळत न्हाय म्हणायचीस. "भाजतंय बघ," म्हणालीस. "सकाळी ताठतंय, दुपारी मोकळं हुतंय. हे नाटक न्हाय, हे माझ्यातलंच दुखणं हाय."

मी तुझ्यावरच उखडले. एवढ्याशा पोरीला म्हाताऱ्या माणसाचं दुखणं कसं हुईल? "तुझी नजर नको माझ्या पोरीला," असं पण बोलले. तू उठून गेलीस आन् दुसऱ्या दिवशी सकाळी पिशवी घेऊन दारात हजर. "चल, साडेसातची एस्टी हाय." त्या बोलण्याची माफी मी कधी मागितली न्हाय. आज मागते.

कोल्हापूरच्या डॉक्टरांनी सांगितलं, रोगाशी लढायची अंगात जी ताकद असती ती पोरीच्या सांध्यावरच उलटलीया. मला काय कळलं न्हाय. म्हटलं, "ताकद कमी हाय व्हय? मग टॉनिक द्या की." डॉक्टर हसले न्हाईत, तू मात्र तोंडाला पदर लावलास. येताना एस्टीत मला समजावलंस. "कमी न्हाय गं बाई, जादा झालीया. आमचे मालक गुऱ्हाळावर गूळ करायचे, तुला ठाऊक हाय. रस उकळायच्या काहिलीखालचा जाळ कमी पडला तर गूळ हुईत न्हाय. जादा झाला तर करपतो. जळण घालणारा माणूस हालत न्हाय तिथनं. तुझ्या पोरीचा जाळ वाढलाय. पार विझवायचा न्हाय, नुसता आवरायचा." डॉक्टरांचं अर्ध्या तासाचं बोलणं मला त्या एका गोष्टीत कळलं.

गल्लीतल्या बायका एकेक सांगत हुत्या. एकीनं बकऱ्याच्या पायाचा रस्सा पाज म्हणून सांगितलं. तू जैनाची, दिवस मावळायच्या आत जेवणारी, तरी मी येड्यासारखं तुलाच विचारलं. तू म्हणालीस, "तुमच्यात चालतंय तर घाल की. पण रस्सा पाजला म्हणून गोळी चुकवू नको. आन् शिजवताना मागचं दार लाव, माझ्या नाकाला सोसत न्हाय."

ती गोळी आठवड्यातनं एकदाच द्यायची हुती. डॉक्टरांनी तीनदा बजावलं, रोज दिली तर पोरीच्या जिवावर येईल. मला कुठं वार ध्यानात राहत्यात? तूच सोपं करून दिलंस. "आपला बाजार गुरुवारी. बाजाराची पिशवी हातात घेतलीस की आधी गोळी." एक गुरुवार चुकला न्हाय माझा. हळूहळू सूज उतरली. एक दिवस पोरगी आपली आपण उठून चुलीपाशी आली. मी भाकरी थापत हुते. पीठ तसंच टाकून तुला हाक मारली, तर तू अर्धी आंघोळ टाकून आलीस.

मग आली उन्हाळ्याची सुट्टी. माझं माहेर वर शाहूवाडीकडं. महिनाभर ऱ्हायला गेलते. पयल्याच दिवशी आईला सांगितलं, "हिला बाजाराच्या दिवशी गोळी असती." एवढंच सांगितलं, अक्का. आईच्या गावचा बाजार रविवारचा. मी माझ्या सवयीनं गुरुवारी गोळी देत हुते. रविवारी मी धुणं घेऊन ओढ्यावर जायची, तवा आई लाडीगोडीनं नातीला गोळी द्यायची. लेकीचं एक काम आपण केलं, एवढंच तिच्या मनात. मला बोलली पण न्हाय. आठवड्याला दोन गोळ्या पोटात गेल्या, आन् दोघींस्नी वाटतंय आपण नेमानं करतोय.

परत आलो तवा अश्वीचं तोंड आतनं सोललेलं. भाकरीचा तुकडा गिळवत नव्हता. मी म्हटलं, उष्णता झाली, आन् गुलकंद चाटवला. तू तिच्या कपाळाला गाल लावलास आन् म्हणालीस, "ताप हाय. गोळ्यांचं पाकीट आण." वाकड्या बोटांनी रिकामी घरं मोजलीस. परत मोजलीस. "सुमन, ह्यात चार कमी कशा?"

मग सगळं बाहेर आलं. रक्त तपासलं, तर लढायची ताकद पार खाली गेलती. डॉक्टर म्हणाले, आता साधा सर्दी-खोकला पण हिला भारी पडेल. पाच दिवस दवाखान्यात ठेवली. मी कॉटपाशी बसून तुलाच बोलत हुते. "कशाला सांगितलंस बाजाराचं? सरळ गुरुवार म्हणायचं हुतं की." तू एकदा पण म्हणाली न्हाईस की सुमे, तुझी जीभ कुठं गेलती, आईला वार का सांगितला न्हाईस. उलट ह्यांच्यापुढं म्हणालीस, "चूक माझी. तिला बोलू नका." पाच दिवस फरशीवर बसून ऱ्हायलीस. ऊन उतरायच्या आत डबा खायचीस आन् मला म्हणायचीस, "तू मागनं निवांत जेव, मी बघते पोरीकडं."

घरी आल्यावर साखर कारखान्याचं कॅलेंडर आणून माझ्या चुलीमागच्या भिंतीला लावलंस. सगळ्या गुरुवारांवर कुंकवाचं बोट. "बाजार गावागावाचा येगळा," म्हणालीस. "वार सगळ्या मुलखात एकच. हे आधी सुचायला पायजे हुतं."

पुढच्या तपासणीला गेलो तवा त्याच दवाखान्यात अश्वीनं तुझा पदर धरला. "अक्का, तुझी पण बोटं दाखव की." वर्सानुवर्सं फिरत्या वैदूच्या पुड्या खात हुतीस तू. पोरीच्या शब्दासाठी तपासून घेतलंस आन् तुला पण तीच गोळी लागली. तुम्ही दोघी गुरुवारी एकमेकीला जीभ दाखवायच्या, गिळली का न्हाय ते बघायला. माझी पोरगी औषधाला कधी रडली न्हाय, ती तुझ्यामुळं.

पण अक्का, एक विचारू? मला किती वेळा सांगितलंस, "ही गोळी चालू असताना ताप आला तर एक दिवस पण काढायचा न्हाय." मग तुझा ताप चार दिवस का लपवलास? लेक बाळंतपणाला आलती, तिचं डिंकाचं लाडू व्हायचं हुतं, म्हणून? मी रोज मागच्या दारात यायची. तुझं डोळं लाल दिसलं तर म्हणालीस, "चुलीचा धूर गं." मी मानलं. छाती भरल्यावर तुला दवाखान्यात नेली, तवा उशीर झालता. मी का गाल लावून बघितलं न्हाय, हे मला रोज टोचतंय. रागावते तुझ्यावर, आन् मग माझ्यावरच.

आता खरं सांगते. काल आल्यावर उरलेल्या सात गोळ्या मी तांदळाच्या डब्यात लपवल्या. मनात हुतं, गुपचूप अर्धी अर्धी देत ऱ्हायचं. सूज परत आली तर? पोरगी दुसरीत हाय, लंगडीच्या खेळात पयली येती. तो पाय परत ताठला तर मी कुणाकडं बघू? डॉक्टर म्हणालेत, येईल किंवा येणार न्हाय, आपण बघत ऱ्हायचं. बघत ऱ्हायचं म्हंजे काय, हे त्यास्नी कसं सांगू?

एवढं लिहिलं आन् उठले. डब्यातनं पाकीट काढून ह्यांच्या हातात दिलं.

"हे काय?"

"अश्वीच्या गोळ्या. सोमवारी कोल्हापूरला जाताय न्हवं, दवाखान्यात देऊन टाका."

"तांदूळ कसं लागलंय ह्याला? लपवलं हुतंस व्हय?"

"व्हय."

ह्यांनी पाकीट शर्टाच्या खिशात घातलं, वरनं बटन लावलं.

अक्का, तुला शब्द देते. पाय ताठला तर लपवणार न्हाय, ताप आला तर वाट बघणार न्हाय, मिळंल त्या एस्टीनं नेईन. आन् पोरगी चांगली असली तर माझ्या भ्यापायी तिला काय बी देणार न्हाय. हातात काय न घेता तिच्याकडं बघत बसायचं, हेच मला लई अवघड जातंय. पण बसीन.

तुझ्या मागच्या दारची,
सुमन