डाव्या हाताचा सराव

लातूर,
गुरुवार

प्रिय धम्मप्रिया,

रविवारी आपल्या कॉलेजात तुझा सत्कार आहे आणि तुझ्याविषयी चार शब्द मी बोलायचे, असं प्राचार्यांनी ठरवलं आहे. ते बोलण्याआधी एक गोष्ट तुला सांगणं भाग आहे. तुझ्या काकू म्हणाल्या, "फोन करा की. पोरगी नांदेडातच हाय, अमेरिकेत न्हाई." पण फोनवर मी नुसता 'हाव, बरं, ठेवू का' करतो, हे तुलाही माहीत आहे. म्हणून सकाळी सिद्धेश्वराचं दर्शन घेऊन आलो आणि लिहायला बसलो.

आधी अभिमानाचं लिहितो. विद्यापीठाचं बास्केटबॉलचं विजेतेपद सलग पाच वर्षं एकाच कॉलेजच्या मुलींकडे राहिलेलं माझ्या नोकरीत मी पाहिलं नव्हतं. नांदेडच्या संघाची प्रशिक्षक म्हणून ते तू करून दाखवलंस. गेल्या महिन्यात अंतिम सामन्यात तुझ्या मुलींनी माझ्याच संघाला एकवीस गुणांनी हरवलं. त्या दिवशी मी घरी येऊन एक भाकरी जास्त खाल्ली. काकूंनी विचारलं, "जिंकलात वाटतं?" मी हो म्हणालो आणि मला ते खोटं वाटलं नाही.

मी चाकूरजवळच्या खेड्यातल्या शाळेत शिकलेला माणूस. खो-खो आणि कबड्डी एवढंच ठाऊक. बास्केटबॉलची जाळी मी पहिल्यांदा पाहिली ती बी.पी.एड.ला गेल्यावर. तूही तशीच, इस्लापूरची, किनवटच्या वसतिगृहात वाढलेली. तुला सोडायला आलेले तुझे वडील, व्यंकटीदादा, मैदानाकडे बघत म्हणाले होते, "सर, पोरगी पळती लई. हिला पळायला जागा द्या, बाकी काय मागणं न्हाई." दोन वर्षांत तू कॅप्टन झालीस. माझ्यापेक्षा लवकर तुला हा खेळ कळला, हे मी तेव्हा कधी बोललो नाही.

त्या सामन्याआधी समोरच्या बाकावरून मी तुमच्याकडे बघत होतो. तुझी एक मुलगी मैदानाला हात लावून कपाळाला लावत होती, एकीने डोळे मिटले होते, आणि ती लुंबिनी नुसती बुटाची लेस सोडून पुन्हा बांधत होती. तू घड्याळ धरून त्यांना दोन मिनिटं दिली होतीस. कुणी काय करावं हे तू सांगत नव्हतीस. वीस वर्षं मी संघ घडवतो आहे, मला हे सुचलं नाही.

तुझ्या सरावाची तर आता जिल्हाभर चर्चा आहे. जुन्या ओढणीने उजवा हात कमरेला बांधायचा आणि अर्धा तास फक्त डाव्या हाताने खेळायचं. दोन्ही हातांनी सारख्याच खेळणाऱ्या मुली अडवायच्या कशा, हे कुणालाच कळत नाही. पेपरातल्या मुलाखतीत तू सांगितलंस, 'सरांनी मला अंतिम सामन्यात बाहेर बसवलं, डावा हात कच्चा आहे म्हणाले. माझं सगळं काम त्या दिवसापासून सुरू झालं.' ते कात्रण माझ्या टेबलाच्या खणात आहे. दुसऱ्यांदा वाचायचं धाडस झालं नाही.

तो सामना आठव. तेरा वर्षं झाली. अंतिम सामन्याआधी कॅप्टनने खांबाला हळदकुंकू लावून नारळ फोडायचा, ही प्रथा मीच सुरू केली होती. तुझी वेळ आली तेव्हा तू जवळ येऊन हळूच म्हणालीस, "सर, नारळ बबिता फोडंल. आमच्यात न्हाई करत. मी बाजूला उभी राहते." किती अदबीनं बोललीस तू. मी "बरं" म्हणालो. बबितानं नारळ फोडला, सगळ्यांना खोबरं वाटलं, तूही घेतलंस. पण माझ्या मनात तेवढ्यात राग बसला होता. ऐन वेळी कॅप्टननं देवाकडे पाठ फिरवली, असं मी धरून बसलो. खेळायला उतरणाऱ्या पहिल्या पाचांतून तुझं नाव मी खोडलं. शेवटची चार मिनिटं उरली तेव्हा तुला उतरवलं. त्या चार मिनिटांत तू सात गुण केलेस आणि आपण दोन गुणांनी हरलो.

परतीच्या बसमध्ये तू माझ्या सीटजवळ येऊन विचारलंस, "सर, माझं काय चुकलं?" मला खरं सांगायची लाज वाटली. तोंडाला आलं ते बोललो, की तुझा डावा हात कच्चा आहे. धम्मप्रिया, तो कच्चा नव्हता. आपल्या संघात तुझ्याइतका तयार डावा हात दुसऱ्या कुणाचाच नव्हता.

हे मी देवापुढे पुष्कळ वेळा बोललो आहे. तो ऐकून घेतो. पण बसमध्ये प्रश्न त्यानं विचारला नव्हता, तू विचारला होतास. रविवारी तू माझे आभार मानशील आणि समोर बसलेल्या मुली ते खरं धरतील, म्हणून मी हीच गोष्ट सगळ्यांसमोर सांगायचं ठरवलं आहे. ती तुला चारचौघांत पहिल्यांदा ऐकावी लागू नये, यासाठी हे पत्र. मी बोलूच नये असं तुला वाटलं तर प्राचार्यांना तसं कळवतो आणि मागच्या रांगेत व्यंकटीदादांच्या शेजारी बसतो. मात्र तुझ्या कष्टाचं श्रेय माझ्या रागाला देऊ नकोस. शनिवारपर्यंत दोन ओळी कळव. रागाच्या असल्या तरी मी वाट बघतो.

तुझाच,
वैजनाथ सर