काचेखालचं पान

मंगळ., १० जाने. ८९
आबांबरोबर जळगावला कृषी प्रदर्शन. फैजपूरहून एस.टी.त उभ्यानेच. माणसाएवढा केळीचा घड मांडलेला. सासरे असून आबा पोरासारखे हात लावून आले. मी रोगांच्या टेबलापाशी अडकले. काचेखाली केळीचं पान, हिरव्यावर पिवळे पट्टे. खाली चिठ्ठी : हरण्या. आपल्या विहिरीकडच्या चार झाडांना असंच... मी थंडीचं समजत होते.
आबांना दाखवलं. नीट पाहिलंच नाही. "चाल, गाडी चुकीन."

बुध., ११
सकाळी बागेत. चार नव्हे, अकरा. एकटीच परत जळगावला, पान पिशवीत. टेबलावरचे साहेब बघताक्षणी म्हणाले, "मुळासकट काढा, पुरून टाका. कंदातून जातो हा, मावा किडीनंही पसरतो. कुणाला कंद दिलेत?"
"नाही."
कसं निघालं तोंडातून! ऑक्टोबरात सुधाकरला, सख्ख्या धाकट्या भावाला, मीच ट्रॅक्टरभर पाठवले. याच बागेतले.

शुक्र., १३
अकरा काढली, पुरली. आबा बांधावर बसून. "कोनाले सांगू नको. बागेचं नाव जाईन."
"सुधाकरलाही?"
"त्याच्याकडे आलंच नसंन तं?"
हे धुळ्याला नोकरीवर. पत्र टाकलंय. उत्तर येईपर्यंत मावा थोडाच थांबणार.

सोम., १६
अजून तीन. सुधाकरला पत्र लिहिलं, फाडलं. पुन्हा लिहिलं, तेही फाडलं. त्याची ती पहिलीच बाग.

बुध., १८
आबांना सांगूनच निघाले. ते ना हो म्हणाले, ना नाही. रावेरची गाडी, मग पायी.
सुधाकर समोर आला तो हसतच. "ताई! तुह्या कंदांनी बाग कशी धरली, पाह्य!"
उभ्या उभ्याच सांगून टाकलं. पाणीसुद्धा घेतलं नाही.
"तुले कधी कयलं?"
"आठ दिवस झाले."
"आठ दिवस."
कुदळ घेऊन बागेत शिरला. मी मागे. भावजय चहाचे कप घेऊन दारातच.
प्रत्येक केळीपाशी थांबायचा, माझ्याकडे न बघता विचारायचा, "ही?"
नाही.
"ही?"
हो.
दुसऱ्या ओळीत एकीपाशी मला ठरवताच येईना. पट्टा म्हणावा तर फिकट, ऊनही तिरपं. पान उलटून पाहिलं, पुन्हा सुलटं केलं. सुधाकर कुदळ टेकवून उभा. आता मात्र माझ्याकडेच बघत होता.