माझ्या भाराचा गूळ

वाशीम,
१३ जानेवारी १९४४, भोगी

माय,

फार वर्षांनी लिहितो आहे, रागावू नकोस. शेवटचे पत्र नागपूरहून कॉलेजात असताना लिहिले होते आणि ते पोचायच्या आधीच तू गेलीस. तुला वाचता येत नव्हते. माझी पत्रे शेजारचे गूळवाले चाचा दुकानाच्या फळीवर बसून तुला वाचून दाखवत, आणि मी न लिहिलेलेही दोन-चार शब्द मायेने त्यात घालत, हे मला पुढे कळले. हे पत्र मात्र त्यांच्याकडे द्यायचे नाही. का ते शेवटी सांगतो.

उद्या संक्रांत. उद्या सकाळी मारुतीच्या पाराजवळच्या निंबाला चाचांचा मोठा तराजू टांगून मी तुझा नवस फेडणार आहे. मी सात वर्षांचा असताना मोठ्या तापातून उठलो, तेव्हा तू बोलली होतीस की पोरगा वाचला तर त्याच्या भाराइतका गूळ गावातल्या लेकरांना वाटीन. ते राहून गेले. तू गेलीस, बाबा गेले, आणि नवसाची आठवण धरून बसलेली एकटी आत्या उरली. या दिवाळीला ती किन्हीराजाहून आली आणि ओटीवर बसल्या बसल्या म्हणाली, "माह्या डोळ्यात फूल पडून राह्यलं बापू. एक डोळा तर गेलाच. दुसऱ्यानं तुले तराजूत बसलेलं पाहू दे, मंग मी मोकळी." नवस देवाला पोचतो की नाही याबद्दल माझे मन आजही निःशंक नाही, हे तुझ्यापाशी लपवत नाही. पण तू माझ्या नावाने दिलेला शब्द आहे, आणि तो दिला तेव्हा तिथे असलेले, आत्याखेरीज, दुसरे कोणी आता उरलेले नाही.

चाचांकडे गेलो. आता त्यांची दाढी पांढरी झाली आहे, आवाज तसाच आहे. लढाईमुळे गुळाची चणचण आहे. त्यांनी बराच वेळ दाढी कुरवाळली आणि म्हणाले, "देख बेटा, कुठूनही करून दोन मण गूळ आणून देतो. भाभींचा नवस हाय, नाही म्हणणार नाही. पण त्याच्यावर एक भेली मागू नको. तुहं वजन किती?" मला माहीत नव्हते. मग आम्ही दोघे सरकी काढायच्या कारखान्यात, जिनावर गेलो, जिथे या दिवसांत कापसाच्या गाड्या रांगेने उभ्या असतात, आणि बोंद्रे, म्हणजे कापसाचे मोठे गठ्ठे, तोलायच्या काट्यावर मी जाऊन बसलो. तोलणाऱ्याने लोखंडी मापे चढवली, परत चढवली, आणि तोंडावरची रेषही न हलवता म्हणाला, "मास्तर, माल ओला दिसते." दोन मण आणि आठ शेर. चाचा परतीच्या वाटेवर एकदाच बोलले, "गूळ तर वाढत नाही. आता तूच कमी हो."

अशी ही सुरुवात. आणि माय, हे करायला मी ऋतू कोणता निवडला ते पाहा. उन्हाळा असता तर ताकावर दिवस काढले असते. पण कार्तिक सरला की आपल्या मुलखात माणसाला अन्न सोडतच नाही. शाळेतल्या पोरांच्या घरून मेथी-डिंकाचे लाडू येतात, शेतावरून हिरव्या हरभऱ्याचे घाटे येतात, संध्याकाळी गल्लीत कुणीतरी वांगी निखाऱ्यात टाकलेलीच असतात. चंपाषष्ठीला शेजाऱ्यांनी कणकेचे रोडगे लावले. गोवऱ्यांच्या आगीतून काढून राख झटकून फोडलेला रोडगा, त्यात तुपाची वाटी रिकामी होते तो आवाज, आणि पलीकडे मी, पानावर वरण आणि अर्धी भाकरी घेऊन. पंगतीत कुणीतरी विचारले, "काहून मास्तर, पोट बिघडलं का?" मी नाही म्हणालो. "मंग बायकोशी भांडण?" तेही नाही म्हणालो. त्यानंतर कुणी काही विचारले नाही, पण माझ्याकडे पाहून सगळे जरा जपून जेवले, असे मला वाटले.

तुझी सून पहिले आठ दिवस गप्प होती. नवव्या दिवशी म्हणाली, "नवस सासूबाईंचा, उपास तुमचा. मी स्वयंपाक कुणाचा करायचा तेवढं सांगा." मी म्हटले, उपास नाही, फक्त तूप नको, रात्री थोडे, आणि सकाळी रेल्वेच्या फाटकापर्यंत चालणे. ती म्हणाली, "फाटकाजवळ भजीवाला बसतो." मी म्हटले, मला ठाऊक आहे. ती म्हणाली, "तुम्हाला ठाऊक आहे हे मलाही ठाऊक आहे." रोजनिशीत मी दररोज खरे काय ते लिहीत होतो. भज्यांचा दिवसही लिहिला आहे. पण त्याच पानावर मी स्वतःला एक प्रश्नही विचारला होता. नवस माझ्या भाराचा. मग भार मुद्दाम कमी करून तोलायला बसणे हे फेडणे की फसवणे? मी स्वतःला सांगत राहिलो की गूळच दोन मण आहे, इलाज नाही. शिवाय लेकरांना दोन मण गूळ मिळतोच आहे. युक्तिवाद बरा होता. वर्गात कुणी असा केला असता तर मी त्याला खाली बसवले असते.

परवा आत्याला आणायला गेलो. जऊळक्याला गाडीतून उतरलो, तिची बैलगाडी आलीच होती. किन्हीराजाला पोचलो तर सगळे शेतात, आणि हुरड्याची आगटी पेटलेली. आता तूच सांग. ज्वारीची कणसे आगीत फुलून राह्यली आहेत, कुणी तळव्यावर चोळून फुंकून दाणे पुढे करतो आहे, सोबत तिळाची चटणी, गुळाचा खडा. मी हात मागे घेतला. आत्याला नीट दिसत नाही, पण तिला ऐकू सगळे येते. तिने जवळ बोलावले आणि माझा दंड धरून चाचपला.

"हे काय रे? आजारी व्हता का?"

मी सगळे सांगितले. चालणे, तूप सोडणे, दोन मण. जरा अभिमानानेच सांगितले. तिने एक कणीस आगीतून बाजूला ओढले. आगटीतला जाळ जरा बसला, मग म्हणाली, "तुले कोणी सांगतलंच नाही वाट्टे."

"काय?"

"तुहा गूळ त्याच वर्षी आला व्हता. तराजू टांगला व्हता. चाचानंच टांगला, तवा त्याले मिसरूड फुटत व्हती. तुले पारड्यात बसोलं त पारडं हाललंच नाही. तापातून उठलेलं पोट्टं, नुसत्या काड्या. दोन भेल्यांत तुहा भार संपत व्हता. वयनीनं तुले उचललं अन् कडेवर घेऊन घरी आली. म्हणे, हाडकं तोलून देवाले फसवू काय मी? याच्या अंगावर मांस येऊ द्या, मंग बसवीन. तवाचा गूळ तिनं तुलेच चारला हिवाळाभर."

माय, मी त्या धुराकडे पाहत राहिलो आणि मला तू दिसलीस. मी नागपूरहून नाताळच्या सुट्टीत आलो आहे. तू चुलीपुढे बसली आहेस, मी पाटावर. भाकरीवर तू तूप सोडतेस आणि डाव्या हाताने माझा दंड कोपराच्या वर धरून दाबून पाहतेस, जसे बाजारात गोऱ्हा पाहतात तसे. म्हणतेस, "अजून थोडं." मी म्हणतो, पुरे, उठतो आता. तू म्हणतेस, "बस. अजून थोडं." दर सुट्टीला हेच. मला वाटे, आया असे करतातच. तू त्या वेळी माप पाहत होतीस. तुला देवाला पुरते द्यायचे होते, आणि मीही तुला पुरता हवा होतो, आणि या दोन्हीतले आधी कुठले हे तुला तरी ठाऊक होते का, कोण जाणे. थोडे थोडे म्हणता तुझेच दिवस संपले.

काल परत जिनावर गेलो, एकटा. तोच तोलणारा होता. मापे उतरवून म्हणाला, "आता सुकला, मास्तर." दोन मणाला सव्वा शेर कमी. मी माझ्या हद्दीच्याही खाली उतरलो होतो. घरी येऊन सांगितले तेव्हा तुझी सून म्हणाली, "मग उरलेला गूळ घरात ठेवू, तिळाच्या लाडवांना होईल." चाचा तिथेच होते. ते म्हणाले, "ना बाबा. तो गूळ भाभींचा. माह्या दुकानात परत यायचा नाही, अन् तुमच्या डब्यातही जायचा नाही." आत्या कोपऱ्यातून म्हणाली, "कोट घालून बसव त्याले. जोडे नको, देव समोर हाय." सगळे हसले. मीही हसलो, पण रात्रभर माझ्या डोक्यातून त्या सव्वा शेराचा विचार गेला नाही.

आता ते सांगतो, ज्यासाठी हे पत्र चाचांना वाचायला देता येत नाही. ते मोठ्याने वाचतात आणि दुकानात माणसे असतात. नवसाचे नाव सांगून मी दोन महिने जे केले, ते सगळे नवसासाठी नव्हते. तुझ्या सुनेने माझा कोट दोन्ही बाजूंनी आत घेऊन शिवला, तेव्हा मी आरशापुढे उगाच दोनदा गेलो. गालफडे आत गेली आहेत ती मला आवडली. हेडमास्तर म्हणाले, तुम्ही दहा वर्षांनी लहान दिसता, आणि ते वाक्य मी रोजनिशीत लिहून ठेवले आहे, तारखेसह. सव्वा शेर परत अंगावर घ्यायला माझे मन तयार नव्हते, हे खरे कारण. फेडणे की फसवणे हा प्रश्न मी देवाविषयी विचारत होतो. तो माझ्याविषयी होता.

स्वयंपाकघरात तीळ लावलेल्या बाजरीच्या भाकऱ्या थापल्या जात आहेत, भोगीच्या भाजीचा वास इथे टेबलापर्यंत आला आहे. आत्या तिथेच बसून वाल सोलायच्या निमित्ताने निम्मे खाते आहे. मला एकदा हाक मारून झाली.

उद्यासाठी: पारड्यात बसण्याआधी पोटभर जेवणे, भाकरीवर तूप घेऊन.