बोटीवरची पंगत

एडन, ४ ऑक्टोबर १९३६

ती. स्व. सौ. अनसूयावहिनीस, बळवंताचा शि. सा. न. वि. वि.

संध्याकाळी समुद्र इतका निवांत असतो, की फूलबागेत बसल्यासारखं वाटतं आणि हातातल्या बशा विसरायला होतं. जेवणघरात मात्र शांतता नाही. राजवाड्याच्या पंगतीत वाढपी पुढेच जातो, मागे फिरत नाही. सणासुदीला तिथे वाढून ते माझ्या अंगात मुरलेलं. माझ्या जोडीचा वाढपी, गोव्याचा डॉमिनिक, बोटीच्या रिवाजाने समोरून येतो. परवा कोपऱ्यावर कुणीच मागे सरेना, आणि सूप एका मडमेच्या झग्यावर सांडलं. तेव्हापासून आमचा अबोला. लंडनहून परत मुंबईला पोचेपर्यंत जमलं नाही तर दोघांनाही कामावरून काढीन, असं बटलरने बजावलंय. पागेतली नोकरी सोडून, आबांशी भांडून बोटीवर वाढपी म्हणून आलो. आता कोणत्या तोंडाने परतू?

वहिनी, माया पातळ होऊ देऊ नये.

आपला, बळवंत


लष्कर, ग्वाल्हेर, १४ ऑक्टोबर

चि. बळवंतास अनेक आशीर्वाद.

आधी हसले, मग काळजी वाटली. मागे न फिरणं तू पंगतीत शिकलास की मामंजींकडून, देव जाणे. माझ्या लग्नात दोन आचारी भांडले, तेव्हा सासूबाईंनी एकाला पाटावर बसवून दुसऱ्याला वाढायला लावलं होतं. जेवणाऱ्याला हवं तसं वाढायचं, एवढीच अट. तूही तसंच कर. मामंजी तुझं नाव काढत नाहीत, पण टपालाच्या वेळी ओसरीवरून हलत नाहीत.

जिवाला जप, आठवण ठेव.

तुझी वहिनी


लंडन, २ नोव्हेंबर

ती. स्व. सौ. वहिनीस, शि. सा. न. वि. वि.

बाहेर धुकं इतकं, की बोट पाण्यावर आहे की ढगात, कळत नव्हतं. डॉमिनिकला खोक्यावर बसवलं आणि त्याच्या रिवाजाने डावीकडून वाढलं. तो जेवला, भात पुन्हा मागितला. मग मला बसवून ग्वाल्हेरात कसं वाढतात ते विचारलं, आणि तसंच वाढलं. आईची फार आठवण आली. आता कोपऱ्यावर आम्ही आळीपाळीने मागे सरतो. बटलरने दोघांनाही ठेवलंय.

मुंबईला रजा मिळेल. आबांना पाटावर बसवाल? वाढीन मी.

आपलाच, बळवंत


लष्कर, २१ नोव्हेंबर

चि. बळवंतास अनेक आशीर्वाद.

हे पत्र मुंबईला मिळेल. तुझं पत्र मामंजींना वाचून दाखवलं. डोळे मिटून ऐकलं. मग म्हणाले, पोरगा थकून येईल, आधी तोच बसेल, वाढणार मी.

सकाळपासून रिकाम्या पाटाभोवती वाडगा घेऊन डावीकडून वाढायचा सराव चाललाय. चुकलं की मागे फिरतात, आणि पुन्हा येतात.

लवकर ये. वाट पाहणारी,

तुझी वहिनी