झाकण बंद, दिवा चालू

४ जुलै
आजपासून कामावर, म्हणजे घरीच, पुढच्या खोलीत. तेच टेस्टिंगचं काम. मशीनवर व्हिडिओ लावायचा, मशीन झोपवायचं, उठवायचं, चित्र परत येतं का बघायचं. नाही आलं तर बग, म्हणजे दोष, लिहायचा. टीम लीड फोनवर म्हणाला, "सर, आराम से." बायको गेली की सगळे हळू बोलायला लागतात. वीट येतो.
दुपारी तिच्या, वैशूच्या टेबलाकडे पाहिलं. तिच्या लॅपटॉपचा दिवा लुकलुकतोय. झाकण तिनंच लावलेलं. म्हणजे मशीन झोपलंय, बंद नाही.

५ जुलै
डोक्यातून जात नाही. ताप चढला त्या दुपारी ती पाटोडीच्या रेसिपीच्या व्हिडिओसाठी आवाज रेकॉर्ड करत होती. मधेच उठली, झाकण लावलं, पडली. मग दवाखाना. मग काही नाही.
"सेव्ह करत जा ना," मी नेहमी म्हणायचो. "झाकण लावलं की झालं जी," ती. म्हणजे सेव्ह केलेलं नसणार. वीज आहे तोवरच तो आवाज आहे.
आणि मशीन तरी कोणतं. आमच्या ऑफिसनं मोडीत काढलेलं, टेस्टिंगचं. झोपेतून उठताना कधी स्क्रीन येते, कधी काळीच राहते. हा बग मीच लिहिला होता. स्क्रीन आली नाही की वैशू बटण दाबून धरायची, पुन्हा सुरू करायची. तेव्हा त्यात गमावण्यासारखं काही नसायचं.

८ जुलै
लाईट गेली. आली तोवर टेबलापाशी बसून होतो, दिव्याकडे बघत. बॅटरी पार थकलेली.
पावर हाउसच्या बाजारात, लॅपटॉपच्या दुकानात गेलो. दुकानदार: "बैटरी बदलनी है तो बंद तो करना पड़ेगा, भैया." परत येताना ऑटोत रडू आलं.  

९ जुलै
आईनं फरशी पुसताना प्लग काढला. मी ओरडलोच.
"कोणी वापरून नाही राहिलं, त कावून लाईट जाळून राहिला?"
प्लग लावला. मग सांगितलं आत काय आहे ते. आई ओला फडका हातात घेऊन खुर्चीवर बसली, वैशूच्याच.
"मंग उघडून पाय ना."
"स्क्रीन नाही आली तर?"
"त असंच ठेवून काय करशीन, बाबू?"
प्लग नीट बसलाय का, पुन्हा बघितलं. जेवलो नाही.

१४ जुलै
लीडचा निरोप: काळ्या स्क्रीनचा तो बग सुटला. नवीन ड्रायव्हर, म्हणजे स्क्रीन चालवणारं सॉफ्टवेअर, टाकला की मशीन नीट उठतं. माझ्या मशीनवर तपासलं. प्रत्येक वेळी चित्र आलं.
पण नवा ड्रायव्हर टाकायला रीस्टार्ट लागतो. रीस्टार्ट केलं की आतलं सगळं गेलं.
'पास' लिहिलं आणि लॉगआउट केलं.

१७ जुलै
दुपारी तीनदा लाईट गेली. तिसऱ्यांदा आली तेव्हा दिवा अगदी मंद. आता थांबण्यात अर्थ नव्हता.
झाकण उघडलं. पंखा फिरला. स्क्रीन काळी. वाट पाहिली. काळीच.
कॅप्स लॉक दाबलं. त्याचा छोटा दिवा लागला. म्हणजे आतून जागं आहे, फक्त दिसत नाही. दिवा परत घालवला. पासवर्ड ती ठेवायचीच नाही. आंधळेपणानं सेव्हची बटणं दाबली, नाव टाइप केलं, एंटर. झालं की नाही, कसं कळणार.
मग स्पेसबार, रेकॉर्डिंग वाजवायला.
कुकरची शिट्टी. मग वैशू: "...बेसन चांगलं घोटून घ्या, गुठळी राहू देऊ नका..." पुन्हा शिट्टी. मग जोरात, मला: "अवो, कुकर बंद करा ना जी. मी रेकॉर्डिंग करून राहिली."
त्या दिवशी माझ्या कानात हेडफोन होते.
आत आईनं डाळ लावली होती. गॅस बंद केल्याचा आवाज आला.
आई बाहेर आली नाही. मीही आत गेलो नाही. प्लग तसाच आहे. सेव्ह झालं का ते बघायचं तर मशीन बंद करून पुन्हा लावावं लागेल. माझा हात बटणाकडे जात नाही.