योजनेत बसत नाही

७ डिसेंबर
लिहायचं टाळत होतो. सुरतेहून दिवाळीला घरी आलो तेव्हाची वही पिशवीत पडून. पहिल्याच पानावर वहिनीचं लिहावं लागणार, म्हणून काढलीच नाही.

तर वहिनीच्या हृदयातली एक झडप खराब. आडवी झाली की दम लागतो. रात्रभर भिंतीला टेकून बसते. यवतमाळचे डॉक्टर म्हणाले, उन्हाळ्याच्या आत ऑपरेशन करा. सरकारी योजनेत फुकट होतं. दवाखान्यातल्या योजनेच्या खिडकीवरचा माणूस म्हणाला, योजनेत बसत नाही. दादा कापसाच्या जिनिंगमध्ये नोकरीला होता तेव्हाचं पांढरं रेशनकार्ड; त्यावर योजना हवी तर नावावर शेतीचा सातबारा लागतो. जिनिंग बंद पडली. आता दादा अण्णासाहेबांचं वावर मक्त्यानं, वर्षाचे पैसे ठरवून, करतो. पेरतो तो, फवारतो तो, सातबारा अण्णासाहेबांचा. म्हणजे कागदावर शेतकरी नाही.

१० डिसेंबर
गोळ्या आणायला यवतमाळला गेलतो. स्टँडबाहेर एक म्हातारा पेटी दुरुस्त करत होता. भाता उघडून आतल्या पट्ट्या दाखवल्या त्यानं. पाहत बसलो, गावाकडची बाभुळगावची गाडी समोरून गेली. कंडक्टरनं गावात सांगितलंच.

वहिनी म्हणे, "भाऊजी, गोया आनल्या, का पेटीच शिकून आले?"

गोळ्या दिल्या. हसताना तिला दम लागला. आता कुठं थांबायचं नाही.

१३ डिसेंबर
नागपूरच्या अधिवेशनातून बातमी. मक्तेवाल्यांना योजनेत घेणार नाही. सरकारचं साफ नाही.

पानटपरीवर हाच विषय. बबनकाकाचं स्वतःचं ओलिताचं वावर. त्याचं म्हणणं, उद्या सगळेच शेतकरी म्हणून उभे राहतील, खऱ्याचा नंबर कधी लागेल? मी बोलायला गेलो तर म्हणे, "तू कोनता शेतकरी बे? तुयं वावर तं मोटरस्टँडवर हाय."

सगळे हसले. मीही. मग म्हटलं, "काका, आपल्या गावात कापूस कोन वेचते? सातबारा वेचते का?"

काकानं सुपारी फोडली. दोघा-तिघा मक्तेवाल्यांनी मला घरी बोलावलं. त्यांच्याही घरी कोणी ना कोणी आजारी.

१६ डिसेंबर
दादासोबत अण्णासाहेबांकडे, यवतमाळला. ऑफिसातून रिटायर झालेले, बोलणं गोड. दादा इतकंच मागत होता की वावर हा करतो असं लिहून द्या, ते घेऊन तहसीलदारांकडे जाऊ. चहा दिला. म्हणाले, आज लिहून दिलं तर उद्या तू कूळ म्हणून हक्क सांगशील. वर हेही, फार ताणलं तर पुढच्या साली वावर दुसऱ्याला.

मी उठणार होतो. दादानं पायावर पाय दाबला. गाडीत दादा खिडकीकडे तोंड करून बसला. घाटंजीचा मित्र फोनवर बोलावत होता, लग्नाच्या डेकोरेशनचं काम आहे. नाही म्हटलं. मीच चकित.

१९ डिसेंबर
ठरलं. मक्तेवाल्यांची घरं मिळून बाभुळगावला तहसीलसमोर धरणं. बायाही येणार. दादाला भीती, अण्णासाहेबांच्या कानावर गेलं की वावर गेलं. तरी नको म्हणाला नाही.

वहिनी यायचंच म्हणते. दादा रागावला, तब्येत पाहा म्हणे. ती शांतपणे बोलली:

"रातभर बसूनच रायतो ना मी? योजनेत बसत नाई म्हनते, तं तहसीलसमोर बसीन. बसाचं तं मले सगळ्याइत चांगलं जमते."

दादा बाहेर निघून गेला. थोड्या वेळानं सतरंजी झटकून घेऊन आला.

२२ डिसेंबर
मंडप टाकला. तहसीलदार येऊन गेले, म्हणाले वर कळवतो. आम्ही म्हटलं, कळवा, आम्ही आहोत. बबनकाका रस्त्यापलीकडून पाहून गेला. वहिनीला मागं लोड लावून बसवली. तोंड सुकलेलं, पण घरी चल म्हटलं की डोळे वटारते. पलीकडच्या गावात कुस्त्या आहेत, हलगी इथपर्यंत ऐकू येते. पाय वळवळतात. बसलोय.

डॉक्टरांनी परत बोलावलंय तोपर्यंत काही झालं नाही तर... ते आज नाही लिहीत. उद्या निवेदन घेऊन नागपूरला जाणारे कोण, ते ठरवतो

थांब. दादा उभा राहिला. अण्णासाहेब. स्कूटरवर, एकटेच. चपला मंडपाबाहेर काढल्या. थेट वहिनीकडे चाललेत.